सर्वांना मनाई

शनिवारी सकाळी दफ्तरदारांनी चहाचा कप खाली ठेवला आणि घरातले दोन्ही कॉम्प्युटर उद्या दुपारपर्यंत एकमेकांना जोडले जातील, अशी घोषणा केली. ती ऐकायला घरात बायको एकटीच होती, आणि तिचंही निम्मं लक्ष उतू जाणाऱ्या दुधाकडे होतं. तरी घोषणा त्यांनी उभं राहून केली.

दफ्तरदार हे त्यांचं आडनाव नव्हे. एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी चौतीस वर्षं कागद सांभाळले, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव बहाल केलं होतं. सांभाळले म्हणजे कुणाच्या हाती लागू दिले नाहीत. त्या खोलीच्या दारावर ‘परवानगीशिवाय प्रवेश नाही’ अशी पाटी होती, आणि परवानगी देणारे तेच होते. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना रेकॉर्ड रूमचा पितळी शिक्का भेट म्हणून दिला. हा शिक्का त्यांच्याबरोबरच कचेरीबाहेर जावा, अशी सगळ्यांची फार मनापासून इच्छा होती.

कॉम्प्युटर जोडायचं कारण मात्र नाजूक होतं. बायकोची मोठी बहीण, म्हणजे ताई, दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. तिला आताशा नीट दिसत नव्हतं. उद्या संध्याकाळी पाच वाजता तिचा मुलगा गाडी घेऊन येणार होता आणि तिला कायमचं आपल्या गावी घेऊन जाणार होता. ते गाव दिवसभराच्या वाटेवर. बायको गेले अकरा महिने दर गुरुवारी ताईकडे जाऊन बसायची, तिला जुन्या गोष्टींवर बोलतं करायची, आणि घरी आल्या आल्या एकेक गोष्ट ताईच्या शब्दांत टाइप करून ठेवायची. ताईला याचा पत्ता नव्हता. चांगली ठसठशीत अक्षरं, ताईला भिंगातून वाचता येतील अशी. सेहेचाळीस पानं झाली होती. पुठ्ठ्याला निळं कापड लावून कव्हर तयार होतं, दाभण आणि दोरा तयार होता. पानं तेवढी छापायची राहिली होती.

आणि तिथेच घोडं अडलं होतं. पानं होती बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये. प्रिंटर होता आतल्या खोलीत, बायकोच्या लॅपटॉपला जोडलेला. दुसऱ्या कुठल्याही घरात हे काम पेन ड्राइव्हने दोन मिनिटांत उरकलं असतं. पण गेल्या वर्षी बायकोच्या भावाने कुठून तरी एक पेन ड्राइव्ह आणून लावला होता, आणि पुढचे तीन दिवस पडद्यावर टक्कल घालवण्याच्या तेलाच्या जाहिराती नाचत होत्या. दफ्तरदारांना टक्कल आहे. त्यांनी ती गोष्ट मनाला लावून घेतली, मेणबत्ती पेटवली आणि मोठ्या कॉम्प्युटरच्या पेन ड्राइव्ह लावायच्या एकूण एक खाचा लाखेने बंद करून त्यावर पितळी शिक्का उठवला. कीबोर्ड आणि माउस त्या वेळी लावलेले होते, तेही जागच्या जागी कायम झाले.

“प्रिंटर उचलून बाहेर आणू या का?” बायको म्हणाली.

“आणशील. वायर कुठे खुपसशील?”

“लाख खरवडू की.”

दफ्तरदारांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तिने तो विषय तिथेच सोडला.

“मग माझी मीच मला मेल पाठवते.”

“या खोलीतून त्या खोलीत कागद न्यायचा, आणि त्यासाठी तो आधी सातासमुद्रापलीकडे पाठवायचा? घरचे कागद असे जग हिंडून येत नसतात.”

“मग लेकीला फोन करते. तिला रोजचंच आहे हे.”

हे मात्र फारच झालं. ज्या मुलीला त्यांनी बोटं धरून आकडे मोजायला शिकवलं, तिने आता त्यांना टिचकी कुठे मारायची ते सांगायचं? “चौतीस वर्षं अडीच लाख फायली सांभाळल्या मी,” ते म्हणाले. “दोन कॉम्प्युटर म्हणजे काय मोठंसं.”

सुरुवात त्यांनी शिस्तीत केली. मोठ्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर उघडलं, त्याला ‘अभिलेख क्रमांक १’ असं नाव दिलं आणि बायकोची सेहेचाळीस पानं त्यात हलवली. पानं त्यांनी वाचली नाहीत. रेकॉर्ड सांभाळणाऱ्याने रेकॉर्ड वाचायचं नसतं, या तत्त्वावर अख्ख्या नोकरीत त्यांनी एक कागद वाचला नव्हता. बायकोला हे माहीत होतं, आणि या पानांच्या बाबतीत तर तिला त्याचं बरंच वाटत होतं.

मग परवानग्यांची खिडकी उघडली. तिथे नावांची यादी होती आणि प्रत्येक नावापुढे ‘मुभा’ आणि ‘मनाई’ असे दोन रकाने. दफ्तरदारांना गहिवरून आलं. निवृत्तीनंतर इतकी नीटनेटकी वस्तू त्यांनी पाहिली नव्हती. रेकॉर्ड रूमचा पहिला नियम म्हणजे आधी सगळ्यांना बंद करायचं, मग एकेकाला सोडायचं. त्यांनी ‘सर्वजण’ या नावापुढच्या मनाईच्या सगळ्या चौकटींत खुणा केल्या. त्याखाली बायकोचं नाव घालून तिला मुभा दिली, आणि आपलं नाव घालून स्वतःला. कॉम्प्युटरने लगेच एक भलीमोठी सूचना पुढे केली, आपण काय करता आहात ते समजून करता आहात ना, अशा अर्थाची. सूचना वाचायची सवय त्यांना नव्हती. त्या आजवर ते इतरांसाठी लिहीत आले होते. त्यांनी ‘होय’ दाबलं आणि जेवायला गेले.

दुपारी लॅपटॉप उघडला, तर त्यात मोठ्या कॉम्प्युटरचा मागमूस नव्हता. इथून शेजाऱ्यांना सुगावा लागला. तो कसा लागला हे विचारण्यात अर्थ नाही. मनुष्य स्टुलावर चढून मोडेमच्या दिव्यांकडे पाहत असला की गल्लीला ते भिंतीतून कळतं.

समोरच्या घरात टेलिफोनकाका राहायचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे जगातला कुठलाही बिघाड हा शेवटी तारेचा असतो, असं त्यांचं ठाम मत. ते आले, चप्पल काढता काढता म्हणाले, “तार ओलसर झाली असणार.”

“यात तार नाहीच. बिनतारी आहे.”

“तार नाही?” काकांनी सहानुभूतीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “मग इथेच चुकलं तुमचं.”

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई जिन्यातून जाता जाता डोकावल्या आणि दोन्ही कॉम्प्युटर बंद करून अर्ध्या तासाने चालू करायला सांगून गेल्या. त्या माणसांनाही साधारण हेच सांगतात. दफ्तरदारांनी दोन्ही कॉम्प्युटर बंद केले आणि तो अर्धा तास स्वतःही पडून काढला. कॉम्प्युटर होते तसेच राहिले, दफ्तरदारांना मात्र थोडं बरं वाटलं.

संध्याकाळी त्यांनी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं सनई ऐकल्यावर एका मुलीचा आवाज आला. तिने ग्राहक क्रमांक विचारला, तो दिला. तक्रार कुठल्या प्रकारात मोडते ते विचारलं, ते त्यांना सांगता येईना.

“दोन कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नाहीत,” ते म्हणाले.

“सर, इंटरनेट चालू आहे का?”

“आहे.”

“मग आमची जबाबदारी तुमच्या भिंतीपर्यंत. भिंतीच्या आतलं तुम्ही घरातल्या घरात बघायचं.”

“अहो, पण मला उद्या दुपारच्या आत—”

“तुमची विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे सर. कृपया पाठपुरावा करू नये.”

दफ्तरदारांनी फोन खाली ठेवला. हे वाक्य त्यांचं होतं. त्यांच्या रेकॉर्ड रूममधून ते वर्षाला हजार वेळा बाहेर पडायचं, आणि ते ऐकणाऱ्याला कसं वाटत असेल हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. क्षणभर त्यांना त्या हजार माणसांविषयी वाईट वाटलं. पण फार नाही, कारण त्यांचे अर्ज खरोखरच अपुरे असायचे.

रविवारी सकाळी चमत्कार झाला. लॅपटॉपवर त्यांनी बरीच बटणं दाबली, त्यातलं कुठलं लागू पडलं देव जाणे, पण एकाएकी पडद्यावर दुसरा एक कॉम्प्युटर उगवला. त्याच्याबरोबर यादीत एक नवा प्रिंटरही आला. आपलाच प्रिंटर जोडणीमुळे नव्या नावाने दिसतो आहे, असं दफ्तरदारांनी ठरवलं आणि चाचणी म्हणून एक पान छापायला सोडलं. पान कुठलं निवडावं? हाताशी मजकूर होता तो त्यांचाच, कॉम्प्युटरवर चिकटवायला लिहिलेला: ‘दुसऱ्याच्या मालमत्तेस विनापरवानगी हात लावणे हा निर्लज्जपणा असून असे करणाऱ्याची गय केली जाणार नाही.’

प्रिंटर हलला नाही. त्यांनी पुन्हा सोडलं. पुन्हा काही नाही. चिकाटी हा त्यांचा गुण आहे.

दहा मिनिटांनी बेल वाजली. दारात टेलिफोनकाका होते, हातात अकरा कागद, चेहरा लालबुंद.

“हे मला उद्देशून आहे का?” त्यांनी विचारलं. “परवा तुमची शिडी नेली ती विचारून नेली होती. वहिनींना विचारा.”

उलगडा व्हायला अर्धा तास आणि दोन कप चहा लागला. वर्षभरापूर्वी एकदा इंटरनेट गेलं तेव्हा बायकोने काकांकडून त्यांचा पासवर्ड मागून घेतला होता. तेव्हापासून लॅपटॉप इमानेइतबारे काकांच्या घरच्या वायफायला चिकटून होता. उगवलेला कॉम्प्युटर काकांचा, प्रिंटरही काकांचाच.

“म्हणजे वर्षभर तुम्ही माझं इंटरनेट वापरताय,” काका म्हणाले, आणि हातातल्या कागदावरचं ‘विनापरवानगी’पासूनचं वाक्य त्यांनी सावकाश, प्रत्येक शब्दावर थांबत वाचून दाखवलं. दफ्तरदारांनी आयुष्यात बरेच कागद दडवले होते, पण हा एक कागद त्यांना खरोखर गिळून टाकावासा वाटला.

मग लॅपटॉपला घरच्या वायफायवर आणायचं ठरलं. त्याचा पासवर्ड कपाटातल्या लाखबंद लिफाफ्यात होता. लिफाफा फोडताना दफ्तरदारांनी तोंड दुसरीकडे केलं. पण लॅपटॉप घरी आला मात्र, आणि दुपारी दोन वाजता त्याच्या पडद्यावर मोठा कॉम्प्युटर खरोखर दिसला. त्याच्या पोटात ‘अभिलेख क्रमांक १’.

“अगं, ये लवकर,” त्यांनी हाक मारली. “जोडले गेले.”

बायको हात पुसत आली. तिने फोल्डरवर टिचकी मारली. पडद्यावर उत्तर आलं, की आपल्याला हे फोल्डर उघडण्याची परवानगी नाही.

“पाहिलंस?” दफ्तरदार खूश होऊन म्हणाले. “बंदोबस्त किती चोख आहे.”

“चोख आहे. पण मला पण नाही म्हणतोय.”

“थांब, मी बाहेरून बघतो.” ते बाहेरच्या खोलीत जाऊन मोठ्या कॉम्प्युटरसमोर बसले, ऐटीत टिचकी मारली. आपल्याला हे फोल्डर उघडण्याची परवानगी नाही. दुसऱ्यांदा मारली. उत्तरात काही फरक पडला नाही. पानं त्याच डब्यात, त्यांच्या नाकासमोर होती, आणि जगात कुणालाही ती उघडता येत नव्हती.

बायको दारात उभी होती. ती चिडली असती तर दफ्तरदारांना परवडलं असतं. ती फक्त म्हणाली, “अकरा महिने झाले हो.” आणि आत जाऊन त्या निळ्या कापडाच्या कव्हरापाशी बसली. दफ्तरदारांना स्वतःची लाज वाटली. अगदी साधी, निखळ लाज, जिच्यावर कुठला शेरा मारून ती दुसऱ्या विभागाकडे पाठवता येत नाही.

तेवढ्यात ताई आलीच. निरोप घ्यायला ती तीनला येणार होती आणि मुलगा तिला इथूनच नेणार होता, पण ती अडीचलाच आली. घरातलं सामान सगळं बांधून झालं, रिकाम्या घरात बसवेना, म्हणाली. बायकोने तिला बाहेरच्या खोलीतच बसवलं, डोळ्यांनीच दफ्तरदारांना काहीतरी बजावलं आणि चहाच्या निमित्ताने आत गेली. बिचारी आत जाऊन मेल पाठवता येतो का ते पाहणार होती. पण मेल पाठवायलाही आधी फोल्डर उघडायला हवं, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा आतून चमचा आपटल्याचा आवाज आला.

“काय चाललंय?” ताईने विचारलं. तिला समोर कॉम्प्युटरचा उजेड आणि दफ्तरदारांच्या डोक्याचा उजेड एवढंच दिसत असावं.

“काही नाही ताई. कचेरीचं जुनं काम.”

“रविवारी?”

“एक फोल्डर आहे. उघडत नाही.”

“कुलूप तुम्हीच घातलं असेल.” ताई हसली. “तुम्हाला कुलपांची हौस पहिल्यापासूनच.”

दफ्तरदारांनी पटकन स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि घसा खाकरला. त्यांनी परवानग्यांची खिडकी पुन्हा उघडली आणि यादी पुटपुटत वाचू लागले. बायकोला मुभा, बरोबर. मला मुभा, बरोबर. सर्वांना मनाई, बरोबर. तीनदा वाचलं. कागदोपत्री सगळं निर्दोष होतं.

“पुन्हा म्हणा बरं,” ताई म्हणाली.

“बायकोला मुभा. मला मुभा. सर्वांना मनाई.”

“सर्वांना म्हणजे कुणाला?”

“सर्वांना. उरलेल्या.”

“उरलेल्या असं लिहिलंय का तिथे?”

“तसं लिहिलेलं नाही. पण ते समजायचंच असतं.”

“ते यंत्र समजतंय का पण?” ताईने पदराने चष्मा पुसत विचारलं. “अहो, सर्वांमध्ये तुम्ही नाही का येत?”

दफ्तरदारांनी ‘सर्वजण’ या नावावर बोट ठेवलं. दारावरच्या पाटीत ते कधी आले नव्हते. रांगेच्या नियमात आले नव्हते, जेवणाच्या सुट्टीच्या नियमातही आले नव्हते. सर्वजण म्हणजे रेकॉर्ड रूमच्या खिडकीपलीकडची माणसं, असाच त्यांचा आजवरचा हिशेब होता, आणि या यंत्राने मात्र त्यांना बिनदिक्कत उचलून त्या माणसांत नेऊन उभं केलं होतं. तिथे एकदा मनाई म्हटली की खालची मुभा कोण विचारतो.

चौतीस वर्षांत त्यांनी स्वतःचा एकही आदेश मागे घेतला नव्हता. आज त्यांनी मनाईच्या चौकटींतल्या खुणा एकेक करून पुसल्या. टिचकी मारली. फोल्डर उघडलं.

“उघडलं,” ते हलक्या आवाजात म्हणाले.

“मग झालं तर. काय होतं एवढं त्यात?”

“आलोच,” असं म्हणून ते वयाला न शोभेलशा वेगाने आत पळाले.

आता लॅपटॉपवरही पानं दिसली. बायकोने ती छापायला सोडली आणि प्रिंटर गुरगुरत कामाला लागला. ती बाहेर ताईपाशी जाऊन बसली आणि पानं गोळा करायचं काम दफ्तरदारांकडे आलं. ते क्रमवार लावता लावता सदतिसाव्या पानावर त्यांची नजर अडकली. अक्षरं इतकी मोठी होती, की न वाचणं शक्यच नव्हतं.

‘तुझं लग्न झालं आणि पहिलं बिऱ्हाड लावायला तुझा नवरा आणि मी पुढे आलो, तू दुपारी सामान घेऊन येणार होतीस. त्याने नवंकोरं कुलूप आणलं होतं. ते कसं छान बसतं ते दाखवायला त्याने बाहेरून लावलं, आणि किल्ली आत फळीवर. रडकुंडीला आला होता. पहिल्याच दिवशी बायकोला उंबऱ्यावर उभं करावं लागणार म्हणून. शेवटी मी पदर खोचला आणि मोरीच्या खिडकीतून आत उतरले. कोपर सोलवटलं. कुणाला सांगू नका म्हणून त्याने हात जोडले, म्हणून इतकी वर्षं नाही बोलले. तुला सांगते, तू काही लिहून ठेवत नाहीस.’

गोष्टी लावल्या होत्या ताईच्या वयाच्या क्रमाने, पण खाली ती गोष्ट सांगितल्याची तारीख होती. आठ महिन्यांपूर्वीची. म्हणजे बायकोला हे आठ महिने ठाऊक होतं. या आठ महिन्यांत त्यांनी घरात तीन नवी कुलपं आणली होती आणि प्रत्येक कुलपाबरोबर तिला निष्काळजीपणावर एक व्याख्यान दिलं होतं. ती ऐकून घ्यायची आणि मान डोलवायची. दफ्तरदार सदतिसावं पान हातात घेऊन उभे राहिले. ते पान गुपचूप बाजूला काढता आलं असतं, त्यांच्याइतका त्यात वाकबगार माणूस सापडला नसता. त्यांनी ते छत्तिसाव्याखाली नीट कडेला कड लावून ठेवलं.

पाचला दहा मिनिटं असताना शेवटचा टाका पडला. बाहेर मुलाची गाडी येऊन थांबली होती. बायकोने निळं पुस्तक ताईच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्या हातात भिंग दिलं. ताईने पहिलं पान डोळ्यांशी नेलं, दोन ओळी वाचल्या, भिंग खाली ठेवलं.

“हे मी बोललेलं आहे,” ती म्हणाली.

“सगळं तूच बोललेलं आहे,” बायको म्हणाली, आणि मग दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून बसल्या. मुलाने बाहेरून दोनदा हॉर्न वाजवला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

गाडीत बसल्यावर ताईने काच खाली केली आणि दफ्तरदारांना जवळ बोलावलं. “त्या फोल्डरात हेच होतं ना?”

“हो.”

“म्हणजे दोनदा सोडवलं मी तुम्हाला.”

“त्यातलं पहिलंही छापलं आहे,” दफ्तरदार म्हणाले. “पान सदतीस.”

ताई इतकी हसली, की गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी तिचं हसू कानात राहिलं. बायको मात्र डोळे पुसत पायरीवरच बसून राहिली. दफ्तरदार तिच्याशेजारी बसले. 

सोमवारी सकाळी त्यांनी चाकू तापवून खाचांवरची लाख स्वतःच्या हाताने काढली. मग मोठ्या अक्षरांत एक नवी सूचना छापून कॉम्प्युटरवर चिकटवली: ‘या कॉम्प्युटरला कुणीही, केव्हाही, न विचारता हात लावावा. सर्वांना मुभा.’ खाली पितळी शिक्का मारला आणि समाधानाने भाजी आणायला गेले.

परत येऊन पाहतात तर शिक्क्याच्या खाली पेन्सिलीने, बायकोच्या अक्षरात, एक ओळ वाढली होती: ‘दफ्तरदारांनी विचारून लावावा.’